दीडशे शब्दांचे अण्णा

अण्णांच्या जगात माणसांना नावं नसतात, स्टेशनं असतात. सकाळी पेपर आला की अण्णा पहिलं पान, राजकारण आणि अग्रलेख ओलांडून थेट वाचकांच्या पत्रांवर उतरतात आणि चहाच्या पहिल्या घोटाबरोबर माईंना बातमी देतात, "आज पार्ले पूर्व फारच चिडलेत." कप अर्धा झाला की, "गिरगावांचा मुद्दा बरोबर आहे, पण लांबवलाय फार." एखाद्या दिवशी कप खाली ठेवून काळजीच्या सुरात, "अगं, चिपळूण बरेच दिवस दिसले नाहीत. बरे असतील ना?" या चिपळूणांना माईंनी कधी पाहिलेलं नाही, अण्णांनीही नाही. पण त्यांना गुडघेदुखी आहे, मुलगी नागपूरला दिलीय आणि हल्लीच्या हापूसवरचा त्यांचा विश्वास उडालाय, एवढं दोघांनाही ठाऊक आहे.

अण्णा स्वतः 'डोंबिवली पूर्व'. 'लोकमानस' किंवा 'बहुतांची अंतरे' ही सदरं लोक अग्रलेखाच्या आधी वाचत, त्या काळापासून त्यांची सही मराठी वाचकांच्या नजरेखालून जाते आहे. लग्नाकार्यात यजमान त्यांची ओळख "हे पेपरात लिहितात" अशी करून देतात. समोरचा आदराने विचारतो, "मग मानधन वगैरे?" अण्णा सांगतात, "पोस्टाचा खर्च माझा मीच करतो." यानंतर समोरच्याला पंगतीकडे कुणीतरी बोलावल्यासारखं वाटतं.

नोकरीत अण्णा आवक-जावक विभागात होते. दुसऱ्यांच्या पत्रांना क्रमांक घालण्यात आणि त्यांवर शिक्के मारण्यात उमेद गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःच्या पत्रांची आवक-जावक वही घातली. लाल कापडी पाठीची, लांबट, हिशेबनिसाच्या टेबलावर शोभावी अशी. तिला सहा रकाने. तारीख, विषय, दैनिक, छापलं की नाही, काय कापलं, आणि सर्वांत शेवटी, काम झालं का. हा शेवटचा रकाना बराचसा कोरा आहे. वहीत धोब्याचा हिशेब लिहायला म्हणून माईंनी तो एकदा मागितलाही होता.

बोलायला बसलेल्या अण्णांना शब्दमर्यादा नसते. कोपऱ्यावरचा दिवा बंद आहे एवढं सांगायला ते १९७२च्या दुष्काळापासून सुरुवात करतात. तिथून मामांच्या वाड्यातल्या कंदिलाकडे वळतात, कंदिलाच्या काचेवरून काच कारखान्यांच्या अवस्थेवर येतात, आणि ते डोंबिवलीत परत पोहोचेपर्यंत दिवा दुरुस्त होऊन पुन्हा गेलेला असतो. इमारतीतली माणसं त्यांना जिन्यात चुकवायला लिफ्टने जातात आणि लिफ्टमध्ये अण्णा दिसले तर जिन्याने.

हाच माणूस कागदापुढे बसला की काय होतं, ते त्याच दिव्यावरच्या पत्रात पाहावं: 'पथदिव्यांसंबंधीची बातमी (२ जून) वाचली. आमच्या गल्लीतील खांब क्रमांक ४१ व ४२ वरील दिवे २७ मेपासून बंद आहेत. दोन्ही खांबांच्या मध्ये शाळेचे फाटक असून दुपारच्या सत्राची मुले पावसाळ्यात अंधार पडताना सुटतात. १५ जूनला शाळा उघडते. त्यापूर्वी हे दोन दिवे लागावेत.' संपलं. यात दुष्काळ नाही, मामा नाहीत, कंदीलही नाही. खांबाला क्रमांक असतो हेसुद्धा गल्लीतल्या बाकीच्यांना या पत्रामुळे कळलं. "आमच्या भागात अंधाराचे साम्राज्य पसरले आहे, असं लिहिलं तर वायरमनने शिडी कुठे लावायची?" असं अण्णांचं म्हणणं.

पत्रं पाठवणाऱ्या मंडळींचे काही लाडके प्रश्न आहेत. 'प्रशासन झोपले आहे काय?', 'कुणाचा बळी गेल्यावर जाग येणार?', 'याला जबाबदार कोण?' हे तिन्ही अण्णांनी वर्ज्य ठरवले आहेत. प्रशासन झोपलेलं असेल तर ते पत्र वाचणार नाही आणि जागं असेल तर चिडेल. दोन्ही वेळा पोस्टाचा खर्च वाया. लागोपाठ तीन प्रश्नचिन्हं दिसली की अण्णा ते पत्र खाली ठेवतात. 'निषेध' हा शब्द ते वर्षातून एकदाच वापरतात आणि तोही बहुतेक डिसेंबरात, शिल्लक राहिला असेल तर.

एका पत्रात एकच विषय, हा त्यांचा दुसरा दंडक. पाणी, कचरा, भटकी कुत्री आणि मराठी भाषेची गळचेपी हे सगळं एकाच आंतर्देशीयात कोंबणारे एक गृहस्थ मागच्या इमारतीत आहेत. त्यांचं पत्र छापून येतं, पण त्यातली कुत्री तेवढी उरतात. मग ते अण्णांकडे तक्रार घेऊन येतात, "बघा, महत्त्वाचं सगळं कापलं!" अण्णा समजावतात, "अहो, चार पाहुणे एकदम दारात उभे राहिले, तर घरवाला ज्याचा आवाज मोठा त्यालाच आधी आत घेणार. तुमच्यात कुत्र्यांचा आवाज मोठा होता."

कापाकापीचा अण्णांनी अभ्यासच केला आहे. पानावर जागा कमी पडली की कात्री खालून लागते, हे वहीतल्या पाचव्या रकान्याने त्यांना शिकवलं. म्हणून पत्र जरा लांबणार असेल तर मागणी ते तिसऱ्या ओळीच्या आत उरकतात आणि शेवटी एक वाक्य मुद्दाम कात्रीसाठी सोडतात: 'संबंधितांनी याची योग्य ती दखल घ्यावी ही विनंती.' ते कापलं गेलं की उपसंपादकालाही काम केल्याचं समाधान मिळतं. कधी जागा उरते आणि हे वाक्य छापून येतं. त्या दिवशी अण्णा ओशाळल्यासारखे दिसतात.

पत्र लिहायचं रात्री आणि टाकायचं सकाळी. मधल्या वेळात ते फ्रिजवर, पोळ्यांच्या डब्याखाली असतं. सकाळी माई डबा उचलतात, पत्र वाचतात आणि एकच प्रश्न विचारतात, "म्हणजे आता कुणी काय करायचं?" उत्तर पत्रात सापडलं तर ते जातं. नाही सापडलं तर अण्णा बोलून समजावू लागतात, आणि ते दुष्काळापर्यंत पोहोचायच्या आत माई गॅसकडे वळतात. तसलं पत्र मग वाणसामानाच्या यादीला पाठकोरं म्हणून कामी येतं. मराठी वृत्तपत्रसृष्टीला यामुळे किती भाषणं वाचायची वाचली, याची नोंद कुठल्याच रकान्यात नाही.

एकच पत्र कार्बन घालून पाच दैनिकांना पाठवण्याची चाल एके काळी फार होती. एका सकाळी तेच पत्र पाच पेपरांत आलं की लेखकाची छाती फुगायची आणि पाचही संपादकांच्या कपाळाला आठी पडायची. अण्णांच्या लेखी हे पाप. एक पत्र, एक दैनिक, आणि तिथून महिनाभर काही हालचाल नसेल तरच दुसरं दार. शिवाय लिहायच्या आधी मागच्या आठवड्याची पत्रं वाचून काढायची. कुणी तेच लिहून ठेवलं असेल तर आपण पेन उघडायचं नाही. फार तर त्यात एखादी माहिती घालायची. डोंबिवलीच्या फडके रोडवर दिवाळीच्या पहाटे तरुण मंडळींची गर्दी होते, तीवर दर वर्षी ठरलेलं नाक मुरडणारं पत्र येतं. अण्णा म्हणतात, "हे मागच्या दिवाळीला छापून झालंय. त्याच्या मागच्याही. मुलं बदलली, पत्र तेच." एका वर्षी मात्र त्यांनी दोन ओळी लिहिल्या: गर्दी पांगल्यावर रस्ता झाडणाऱ्यांना त्या दिवशी किती लवकर यावं लागतं, ते. नाक मुरडणाऱ्यांना आणि मुलांना, दोघांनाही त्यावर उत्तर सुचलं नाही.

दिवा लागला, तर अण्णा आभाराचं पत्र पाठवतात. हे कोणी छापत नाही. खांब क्रमांक ४१ लागला आणि ४२ अजून बंद आहे असं लिहिलं तर छापतात, पण दोन्ही लागले ही बातमी होत नाही. तरी अण्णा पाठवतात. "तक्रारीची नोंद करायची आणि निपटाऱ्याची नाही, ही कुठली आवक-जावक?" एकदा एका कार्यालयात त्यांनी आभाराचं पत्र हाती नेऊन दिलं. तिथल्या बाईंनी ते दोनदा वाचलं, मग घाबरून विचारलं, "यावर काय कार्यवाही करायची?"

टोपणनाव हा अण्णांचा जिव्हाळ्याचा विषय आणि इथे ते थेट इतिहासात शिरतात. १८४८ साली 'प्रभाकर' साप्ताहिकात 'लोकहितवादी' या नावाने पत्रं येऊ लागली. लिहिणारे गोपाळ हरी देशमुख तेव्हा जेमतेम पंचविशीत होते. त्यांनी आपल्याच समाजाचे कान उपटले. 'शतपत्रे' म्हणून ती प्रसिद्ध झाली, पण मोजली तर भरतात १०८. "म्हणजे शब्दमर्यादा तेव्हाही कुणी पाळत नव्हतं," हा अण्णांचा यावरचा विनोद. तो झाल्यावर ते गंभीर होतात आणि १८८५ वर येतात. त्या वर्षी मुंबईच्या 'टाइम्स ऑफ इंडिया'त बालविवाहाविरुद्ध पत्रं आली, सही 'अ हिंदू लेडी'. ती होती रखमाबाई. अकराव्या वर्षी लग्न झालेली, नवऱ्याकडे नांदायला जायला नकार देणारी, आणि त्यापायी हायकोर्टात खेचली गेलेली. पुढे विलायतेत शिकून ती डॉक्टर झाली. "तिने नाव झाकलं, कारण तिचं सगळं आयुष्य पणाला लागलं होतं," अण्णा म्हणतात. "आणि हे आमचे 'एक त्रस्त नागरिक'! यांचं पणाला काय लागलंय? शेजाऱ्याची मोटार यांच्या गेटसमोर उभी राहते, एवढंच. शेजाऱ्याला शिवी द्यायचीय आणि सकाळी त्याच्याकडून विरजणही आणायचंय."

त्यामुळे नाव, पत्ता आणि खरं स्टेशन यांशिवाय पत्र नाही, हा अण्णांचा मूळ सिद्धान्त. ज्या सहीमागे दार नाही तिला उत्तर कुठे पाठवायचं, असं ते विचारतात.

त्यांची ही कीर्ती ऐकून सोसायटीच्या सेक्रेटरींनी एकदा फलकावरची सूचना लिहायला त्यांना बोलावलं. सेक्रेटरींचा स्वतःचा खर्डा तयार होता: 'वारंवार सांगूनही काही सभासद जाणूनबुजून पाण्याचा अपव्यय करीत असून त्यांची नावे समितीस माहीत आहेत. टाकी धुण्याचे काम त्यांच्यामुळेच रखडले आहे याची नोंद घ्यावी.' अण्णांनी तो शांतपणे वाचला आणि खाली आपला मजकूर लिहिला: 'टाकी गुरुवारी धुतली जाईल. सकाळी १० ते २ नळाला पाणी नसेल. बुधवारी रात्री भरून ठेवावे.' गुरुवारी कुणाचंही अडलं नाही, कुणी भांडलं नाही, समितीच्या सभेला कोरमसुद्धा झाला नाही. सेक्रेटरी महिनाभर उदास होते. पुढची सूचना त्यांनी स्वतःच लिहिली.

काळ बदलला तसे अण्णाही बदलायला तयार होते. कागदाच्या एकाच बाजूला, समास सोडून, सुवाच्य अक्षरात, ही जुनी शिस्त त्यांच्या हाडात मुरलेली. मग दैनिकं ई-मेल मागू लागली. पुतण्याने कार्यालयातल्या जुन्या फाँटमध्ये पत्र टंकून दिलं, तर पलीकडे त्याची इंग्रजी अक्षरांची आणि कंसांची भेळ पोहोचली. युनिकोड नावाची गोष्ट अण्णांना तेव्हा कळली आणि लगेच पटली. देशभर एकच पिनकोड पद्धत १९७२ साली आली तेव्हाही आवक-जावक विभागात तिचं पहिलं स्वागत त्यांनीच केलं होतं. गंमत पुढे झाली. नातवाने त्यांच्या मोबाईलवर बोलून टंकण्याची सोय चालू करून दिली. अण्णा बोलायला बसले. फोन बिचारा लिहीत गेला. दुष्काळ लिहिला, मामा लिहिले, कंदील लिहिला, मध्येच 'अगं दुधाकडे बघ उतू जातंय' हेही लिहिलं, आणि दीडशे शब्दांच्या सदरासाठी एक छोटी कादंबरी तयार झाली. ती वाचून अण्णा स्वतः हादरले. आपण एवढं बोलतो, हे त्यांना पहिल्यांदा लेखी स्वरूपात मिळालं. तेव्हापासून आधी पेनाने कागदावर, मग बोटाने मोबाईलवर, हा क्रम ठरला. तोंडाला या प्रक्रियेत स्थान नाही.

आणि आता मुलुंड पूर्व.

प्रत्येक पत्रलेखकाला एक प्रतिपक्षी लागतो. अण्णांचे मुलुंड पूर्व. वादाचा विषय रेल्वे फलाटावरचे बाक. अण्णांचं म्हणणं, बाक भिंतीलगत हवेत, म्हणजे गर्दीला वाट राहील. मुलुंड पूर्वांचं म्हणणं, बाक मध्ये हवेत, कारण म्हाताऱ्या माणसाला गाडी लागल्यावर भिंतीपासून डब्यापर्यंत धावता येत नाही. खोडून काढण्यापूर्वी समोरच्याचं म्हणणं त्याला स्वतःला सही करावीशी वाटेल इतकं नीट मांडायचं, हा अण्णांचा नियम. तो पाळून त्यांनी पहिल्या चार ओळींत मुलुंड पूर्वांची बाजू मांडली आणि मग आपली. चार दिवसांनी उत्तर आलं: 'डोंबिवली पूर्व यांनी माझे म्हणणे माझ्यापेक्षा चांगले मांडले आहे. ते वाचून मला माझा मुद्दा अधिकच पटला.' अण्णा दिवसभर येरझाऱ्या घालत होते. रात्री म्हणाले, "माणूस सभ्य आहे. म्हणूनच अवघड आहे."

वाद इतका चालला की शेवटी सदराच्या तळाशी चौकट आली: 'हा वाद आता आम्ही थांबवीत आहोत. – संपादक.' दोघांनीही हा सन्मान समजला आणि कात्रण जपून ठेवलं. पुढच्याच महिन्यात अण्णांनी फलाटावरच्या पंख्यांबद्दल पत्र लिहिलं. पंखे कुठे हवेत? जिथे माणसं बसतात तिथे. माणसं कुठे बसतात? मुलुंड पूर्वांना इशारा पुरेसा होता.

मग एका जूनमध्ये मुलुंड पूर्वांची इमारत पुनर्विकासाला गेली आणि मुलुंड पूर्व भाड्याने राहायला आले आमच्याच सोसायटीत, बी विंगमध्ये. टेम्पोतून सामान उतरत असताना अण्णा खाली गेले, दोघांची ओळख पटली, आणि अख्खी सोसायटी गॅलरीत आली. झालं काहीच नाही. हात जोडले गेले. साखरेचं प्रमाण, गुडघे, मुलांच्या नोकऱ्या, या क्रमाने विषय झाले. "तुमची चौकट आहे का जपून?" एवढं एकाने विचारलं आणि दोघं हसले. अण्णांनी पाहुण्यांच्या कपाटाचं एक टोक धरून ते दुसऱ्या मजल्यापर्यंत नेलं.

संकट आलं ते पुढच्या सोमवारी. पेपरात बाकांवर पत्र होतं. मध्येच हवेत, ठामपणे मध्येच. आणि सही: 'डोंबिवली पूर्व'.

दिवसभर अण्णांचा फोन वाजत होता. मेहुण्यांनी विचारलं, "काय हो, मत बदललंत?" मागच्या इमारतीतले चार विषयवाले गृहस्थ सांत्वनाला आले. अण्णा संध्याकाळी बी विंगमध्ये गेले. मुलुंड पूर्वांनी शांतपणे त्यांचंच जुनं कात्रण पुढे केलं, ज्यात अण्णांनी लिहिलं होतं की पत्रलेखकाचा पत्ता खरा आणि चालू हवा. अण्णांना त्यांच्याच दीडशे शब्दांनी गाठलं होतं. कपाट उचलताना भरली नव्हती एवढी कंबर त्या रात्री भरली. शेवटी तोड निघाली. एकाने 'डोंबिवली पूर्व (ए विंग)' लिहायचं, दुसऱ्याने 'डोंबिवली पूर्व (बी विंग)'. दोघांनी लिहिलं. पण कात्री खालून लागते. कंस सर्वांत खाली होते.

हल्ली त्या सदरात 'डोंबिवली पूर्व' एका सोमवारी बाक भिंतीला लावतात आणि दुसऱ्या सोमवारी मध्ये आणतात. वाचकांना वाटतं, विचारी माणूस आहे, दोन्ही बाजूंनी बघतो.

परवा मी अण्णांना जिन्यात गाठलं आणि म्हटलं, "अण्णा, रोज संध्याकाळी तुम्ही दोघं गेटपाशी तासभर गप्पा मारता. एकदा समोरासमोर मिटवून का टाकत नाही?" विचारलं आणि पुढची सगळी संध्याकाळ जाणार हे गृहीत धरून मी पायरीवर बैठक मारली.

"आम्ही इथे मिटवलं," अण्णा म्हणाले, "तर ज्याने बाक ठेवायचाय त्याला दोन्ही बाजू कळणार कशा?"

मी दुष्काळाची वाट बघत होतो. अण्णा तोवर दुसऱ्या मजल्यावर पोहोचून दाराची बेल वाजवत होते.